बिळातला कोळी आणि काचेची पेटी

माणूस प्राणी पाळतो तो एक तर उपयोगासाठी, नाही तर सहवासासाठी. टॅरंटुला या नावाने ओळखला जाणारा केसाळ, बिळात राहणारा कोळी मात्र या दोहोंपैकी काहीच देत नाही. तो मालकाला ओळखत नाही, हाकेला येत नाही, स्पर्श त्याला नकोसा असतो आणि दिवसाचा बहुतेक काळ तो जमिनीखाली असल्यामुळे नजरेसही पडत नाही. असे असूनही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप आणि अमेरिकेतील हजारो घरांत तो काचेच्या पेट्यांतून येऊन बसला, त्याच्याविषयी मार्गदर्शिका निघाल्या, संघटना स्थापन झाल्या आणि त्याच्या व्यापारासाठी आंतरराष्ट्रीय नियम करावे लागले. पाळणाऱ्याला प्राणी डोळ्यांसमोर हवा असतो आणि या प्राण्याचे सारे जीवन डोळ्यांआड राहण्यावर बेतलेले असते, हा मूळ विरोध या छंदाच्या इतिहासात पहिल्यापासून आहे. पेटीचा आकार, मातीची खोली आणि बाजारातील किंमत या साऱ्यांवर त्याचाच ठसा दिसतो.

थेराफोसिडी या कुलातील कोळ्यांना आज टॅरंटुला म्हणतात आणि त्यांच्या एक हजाराहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. त्यांतील काही झाडांच्या ढोल्यांत राहतात, काही दगडाखाली आडोसा शोधतात, तर बऱ्याच जमिनीत बीळ करून राहतात. बिळकरी कोळी विषदंतांनी आणि पुढच्या पायांनी माती उकरतो, तिचे लहान गोळे करून बाहेर आणून टाकतो, बिळाच्या भिंतींना रेशमाचे अस्तर लावतो आणि तोंडापाशी रेशमाचे धागे पसरून ठेवतो. त्याला आठ डोळे असले तरी दृष्टी अधू असते. भक्ष्य आणि शत्रू यांची वर्दी त्याला जमिनीच्या आणि धाग्यांच्या कंपनांतून मिळते. बिळात तापमान फारसे चढत-उतरत नाही आणि ओल टिकते, त्यामुळे वर रणरणते ऊन असो वा थंडी, खाली बसलेल्या कोळ्याचे फारसे बिघडत नाही. सापाप्रमाणे तोही कात टाकून वाढतो. कात टाकताना तो बहुधा पाठीवर उलटा होऊन तासन्‌तास पडून राहतो आणि या अवस्थेत त्याचे शरीर अतिशय मऊ असते. नर वयात आल्यावर फार काळ जगत नाही, पण अनेक जातींच्या माद्या वीस वर्षे आणि त्याहूनही अधिक जगतात. या कोळ्याचा चिवटपणा म्हणतात तो म्हणजे हेच संथ, काटकसरी आणि झाकलेले जगणे.

गंमत अशी की टॅरंटुला हे नाव मुळात ज्या कोळ्याचे, तो या कुलातला नव्हेच. दक्षिण इटलीतील टारांटो शहराच्या परिसरात आढळणारा लायकोसा वंशाचा कोळी हा त्याचा पहिला धनी होता. त्याच्या दंशाने माणूस वेडापिसा होतो आणि बेभान नाचल्यावाचून उतार पडत नाही, असा समज तेथे काही शतके होता. पुढे उष्ण कटिबंधातील मोठे केसाळ कोळी युरोपीय प्रवाशांच्या दृष्टीस पडले, तेव्हा त्यांनी तेच नाव त्यांना चिकटवले. मात्र हा इटालियन कोळीही बीळ करूनच राहणारा असल्याने, बिळकरी कोळी पाळण्याच्या इतिहासाचा प्रारंभ त्याच्यापासून करणे वावगे ठरत नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस जॉर्जो बालीवी या वैद्याने या कोळ्यावर प्रबंध लिहिला, त्यात त्याच परिसरातील आपुलिया प्रांताचे शेतकरी बिळाच्या तोंडाशी ओटच्या काडीतून मधमाशीसारखा गुणगुणता आवाज काढून कोळ्याला बाहेर कसे बोलावतात, याची नोंद आहे.

हाच प्रयोग फ्रेंच लष्करी वैद्य लेओं द्यूफूर याने स्पेनमध्ये केला आणि त्याच्या पुढचे पाऊलही उचलले. मे १८१२ मध्ये व्हॅलेन्सिया येथे त्याने एक चांगला मोठा नर पकडला, काचेच्या बरणीत ठेवला, बरणीच्या कागदी झाकणाला छोटे दार कापले, तळाशी राहण्यासाठी कागदाची पिशवी ठेवली आणि ती बरणी आपल्या खोलीतील मेजावर ठेवून दिली. काही दिवसांत तो कोळी द्यूफूरच्या बोटांतून जिवंत माशी घेऊ लागला. केवळ कुतूहलापोटी, निजायच्या खोलीत, हाताने भरवून कोळी पाळल्याच्या लिखित नोंदींत ही फार जुनी म्हणावी लागेल; पण तिच्यातही पुढच्या दीडशे वर्षांची उणीव आधीच दिसते, ती म्हणजे बरणीत मातीचा कणही नव्हता. बिळाच्या जागी कागदाची पिशवी आली होती.

ती उणीव स्वतःपुरती दूर केली ती ज्याँ-आंरी फाब्र याने. दक्षिण फ्रान्समधील सेरिन्याँ या गावी १८७९ पासून राहिलेल्या या कीटकनिरीक्षकाने नार्बोन भागातील लायकोसा कोळी मातीने भरलेल्या मोठ्या कुंड्यांत ठेवले आणि वर तारेच्या जाळीचे झाकण घातले. त्याच्या ध्यानात आले की पूर्ण वाढलेल्या मादीला बिळातून उपटून काढले, तर ती बहुधा नवे बीळ खणत नाही. मातीत आयते भोक करून दिले, तर मात्र ती ते स्वीकारते आणि आपल्या पद्धतीने सजवते. निसर्गात हा कोळी बिळाच्या तोंडाभोवती काड्या, खडे आणि पानांचे तुकडे रेशमाने जोडून बुटका कठडा उभारतो. फाब्रने आपल्या कोळ्यांना त्याऐवजी रंगीबेरंगी लोकरीचे बारीक कापलेले तुकडे दिले आणि त्यांनी लाल, हिरवा, पांढरा असा कोणताही भेद न करता त्या लोकरीचे बुरुज बांधले. कोळी जगतो की नाही एवढेच न पाहता, त्याला वागायला अवकाश दिला तर तो काय करतो, हे पाहणारी ही कुंडी आजच्या उत्तम पेटीची खरी पूर्वज ठरते.

उष्ण कटिबंधातील खऱ्या केसाळ कोळ्यांची युरोपला ओळख झाली ती निराळ्या, भीतिदायक वाटेने. मारिया सिबिला मेरियन या चित्रकर्तीने १७०५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सुरिनामच्या कीटकांवरील ग्रंथात पेरूच्या झाडावर पक्षी खाणारा कोळी रंगवला. ते चित्र अनेकांना खोटे वाटले, तरी लिनीयसने १७५८ मध्ये त्या कोळ्याला पक्ष्यांवरूनच नाव दिले. चित्रानंतर शंभराहून अधिक वर्षांनी हेन्री वॉल्टर बेट्स याने अमेझॉनच्या खोऱ्यातील कामेटा येथे असा कोळी पक्ष्यावर बसलेला स्वतः पाहिला आणि मेरियनच्या चित्राची अब्रू काही अंशी राखली. १८६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवर्णनात याच कुलातील एका मोठ्या कोळ्याच्या बिळाचेही वर्णन आहे: उतारावर तिरपी गेलेली, सुमारे दोन फूट लांबीची, रेशमाने मढवलेली बोगद्यासारखी वाट, आणि सूर्यास्तापूर्वी तिच्या तोंडाशी पहारा देणारा, जड पाऊल वाजताच आत नाहीसा होणारा तिचा मालक. त्याच पुस्तकातील आणखी एक नोंद कोळी पाळण्याच्या इतिहासात मोलाची आहे. बेट्ससाठी नमुने गोळा करणाऱ्या एका स्थानिक कुटुंबातील मुले असल्या एका कोळ्याच्या कमरेला दोरी बांधून त्याला कुत्र्यासारखे घरभर फिरवत होती. कोळ्याला विद्वानांनी बरणीत आणले असे इतिहास सांगत असला, तरी खेळगडी म्हणून त्याला घरात घेणारी ही मुले होती, हे विसरता येत नाही.

बेट्सनेच या कोळ्यांच्या केसांचा प्रसाद चाखला होता आणि निष्काळजीपणे नमुना तयार केल्यामुळे तीन दिवस आगीसारखी खाज सोसली होती. अमेरिका खंडांतील बहुतेक टॅरंटुलांच्या पोटावर खाजकुइलीसारखे सूक्ष्म काटेरी केस असतात. शत्रू जवळ आला की मागच्या पायांनी ते झटकून हवेत उडवले जातात आणि डोळ्यांत गेले तर दीर्घकाळ दाह होतो. आफ्रिका आणि आशियातील जातींना असे केस नसतात. त्यांचे विष त्या मानाने तीव्र असते आणि त्या चावायलाही लवकर धावतात. पुढे बाजारात अमेरिकेतील जाती आधी आणि आशियातील नंतर का आल्या, याचे अर्धे उत्तर या फरकातच आहे.

आशियाई जातींच्या शास्त्रीय परिचयाचा मोठा भाग घडला तो भारतातून. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधील जेम्स वुड-मेसन याने १८७७ मध्ये आसामातील एका बिळकरी कोळ्याचे वर्णन केले. हा कोळी डिवचला की मागच्या पायांवर उठून जबड्याजवळचे दाते आणि केस एकमेकांवर घासून आवाज काढतो, असे तेथील एका निरीक्षकाला जिवंत कोळ्यावरून दिसले होते. तो कोळी आज कायलोब्रॅकिस या वंशात धरला जातो. त्यानंतर लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयातील रेजिनाल्ड पोकॉक याने भारतातून जाणाऱ्या नमुन्यांवर काम करून १८९९ मध्ये अनेक नव्या जाती प्रसिद्ध केल्या, त्यांतील काहींची वर्णने मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापली गेली, आणि १९०० मध्ये ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेत त्याचा अष्टपाद प्राण्यांवरील खंड निघाला. पश्चिम घाटातील कायलोब्रॅकिस फिंब्रिएटस ही त्याच वर्षी, म्हणजे १८९९ मध्ये, त्यानेच नाव दिलेली जाती. सह्याद्रीत रस्त्याकडेच्या मातीच्या दरडीत पांढऱ्या रेशमाने मढवलेली बिळाची तोंडे दिसतात, त्यांत हिचीही असतात. त्या काळात या कोळ्याला पाळण्याचा विचार कोणी केल्याचे दिसत नाही. तो मद्यार्काच्या बाटलीतून संग्रहालयात जात असे आणि त्याच्यावर नावाचे लेबल लागे.

जिवंत कोळी वर्षानुवर्षे सांभाळण्याचे तंत्र उभे राहिले ते अमेरिकेतील प्रयोगशाळांत, तेही पाळण्याच्या हौसेने नव्हे. रशियातून येऊन येल विद्यापीठात स्थिरावलेल्या अलेक्झांडर पेत्रुंकेविच याने १९११ च्या सुमारास टॅरंटुलांची दृष्टी आणि मीलन यांचा अभ्यास बंदिस्त कोळ्यांवर केला. आर्कान्सा विद्यापीठातील कीटकशास्त्रज्ञ विल्यम बेअर्ग याचे काम मात्र या छंदाचा पाया म्हणावे असे आहे. विषाविषयीच्या अफवांची शहानिशा करण्यासाठी १९२२ मध्ये ब्लॅक विडो कोळ्याचा दंश स्वतःच्या अंगावर घेऊन रुग्णालयात जाऊन आलेला हा गृहस्थ टॅरंटुलांच्या दंशालाही असाच सामोरा गेला आणि आर्कान्सातील जातीचे विष माणसाला जवळपास निरुपद्रवी असल्याचा निर्वाळा त्याने दिला. त्याच्या देखरेखीखाली कोळ्यांची पिल्ले अंड्यांपासून वाढली. नराला वयात यायला सुमारे दहा वर्षे लागतात, माद्या त्यानंतरही दीर्घकाळ जगतात आणि पाणी मिळत राहिले तर मोठी मादी अन्नावाचून दोन वर्षांहून अधिक काळ तग धरते, हे त्यातूनच कळले. १९५८ मध्ये त्याचे टॅरंटुलांवरील छोटेखानी पुस्तक कॅन्ससमधून प्रसिद्ध झाले. दोन वर्षे उपाशी राहू शकणारा, चावला तरी अपाय न करणारा आणि एका डब्यात मावणारा प्राणी पाळीव प्राण्यांच्या दुकानदाराला कसा दिसेल, याचा अंदाज बेअर्गला बहुधा नसावा.

त्याच सुमारास चित्रपटसृष्टी उलट दिशेने काम करत होती. १९५५ मधील राक्षसी कोळ्याच्या चित्रपटापासून १९६२ मधील पहिल्या जेम्स बाँडपटापर्यंत आणि १९७७ च्या ‘किंगडम ऑफ द स्पायडर्स’पर्यंत टॅरंटुला हा मृत्यूचा दूत म्हणून पडद्यावर आला. परिणाम मात्र अपेक्षेच्या विरुद्ध झाला. जे भयंकर दिसते आणि प्रत्यक्षात निरुपद्रवी असते ते जवळ बाळगण्याची हौस तरुणांत वाढली आणि तिची गरज भागवायला मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यालगतच्या डोंगराळ, कोरड्या जंगलांतील, गुडघ्यांवर केशरी पट्टे असलेला, शांत स्वभावाचा बिळकरी कोळी नेमका हाताशी होता. सत्तरच्या दशकात आणि ऐंशीच्या प्रारंभी हे ‘रेड-नी’ कोळी मोठ्या संख्येने बिळांतून काढून परदेशी पाठवले गेले. बिळाच्या तोंडाशी पाणी ओतून किंवा काडीने टोचून मादीला बाहेर काढणे सोपे होते, आणि ती वर्षानुवर्षे एकाच बिळात राहत असल्यामुळे एकदा जागा कळली की ती चुकत नसे. मादी वयात यायला अनेक वर्षे घेणाऱ्या जातीच्या बाबतीत अशी उचल म्हणजे भांडवलच संपवणे होते. १९८५ मध्ये वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे परवान्याशिवाय ज्यांचा व्यापार करता येत नाही अशा जीवांच्या यादीत, ब्रॅकिपेल्मा स्मिथी या जातीचा समावेश झाला आणि नव्वदच्या दशकात तो संपूर्ण वंशच त्या यादीत घेतला गेला. या प्रकरणाला एक विनोदी पुरवणी २०१७ मध्ये जोडली गेली: मेक्सिकोतील संशोधकांनी केलेल्या फेरतपासणीत, जगभर ‘स्मिथी’ म्हणून पाळले गेलेले कोळी बव्हंशी हॅमोराय या दुसऱ्याच जातीचे असल्याचे निष्पन्न झाले.

मेक्सिकोचा दरवाजा लोटला गेला तसा बाजार दक्षिणेकडे वळला. चिलीमधील ग्रॅमोस्टोला वंशाचा गुलाबी-तपकिरी कोळी नव्वदच्या दशकात अमेरिकेतील दुकानांत इतका स्वस्त झाला की पेटीची किंमत कोळ्यापेक्षा जास्त पडे. ‘नवशिक्यांसाठी’ अशी त्याची जाहिरात होई आणि महिनोन्‌महिने न खाता तो जिवंत राहत असल्याने ती खोटीही नव्हती. मात्र न मरणे आणि बरे असणे यांतला फरक दुकानाच्या फळीवर कोणालाच दिसत नव्हता. तळाशी रंगीत खडीचा पातळ थर, खाली गरम होणारी गादी, पाण्याच्या वाटीत स्पंजाचा तुकडा आणि वर उंच रिकामी जागा, अशी त्या काळची ठरावीक पेटी असे. खडीत बीळ करता येत नाही. खालून येणारी उष्णता ही कोळ्याच्या अनुभवाच्या नेमकी उलटी, कारण निसर्गात खाली गेले की गारवा मिळतो. स्पंजात घाण साठे. आणि उंचीचा धोका सर्वांत मोठा होता, कारण जमिनीवरचा जड कोळी काचेवर चढून खाली आपटला तर त्याचे मऊ पोट फुटून तो मरे. कॅनडातील कॅल्गरी येथे राहणाऱ्या स्टॅन्ली शुल्ट्झ याच्या ‘द टॅरंटुला कीपर्स गाइड’ या १९८४ मध्ये प्रथम निघालेल्या आणि पुढे मार्गरीट शुल्ट्झ हिच्यासह विस्तारलेल्या पुस्तकाने यांतील अनेक रूढींवर टीका केली. ब्रिटन आणि अमेरिकेतील संघटनांच्या नियतकालिकांतूनही अनुभवांची देवघेव सुरू झाली. १९९० च्या ‘होम अलोन’ या चित्रपटात नायकाच्या थोरल्या भावाच्या खोलीत टॅरंटुला दाखवला गेला तो राक्षस म्हणून नव्हे, पोरवयाच्या मुलाचा पाळीव प्राणी म्हणून, यावरून तोवर ही कल्पना किती घरगुती झाली होती ते कळते.

पेटीचा खरा कायापालट झाला तो आशिया आणि आफ्रिकेतील पक्क्या बिळकरी जाती आल्यावर. म्यानमार आणि थायलंडमधील निळा सायरिओपॅगोपस लिव्हिडस, पूर्व आफ्रिकेतील पेलिनोबियस म्युटिकस हा तांबूस, जाड मागच्या पायांचा कोळी, यांना उथळ खडीत ठेवले तर ते सतत अस्वस्थ, आक्रमक आणि अल्पायुषी ठरत. चांगली दाबलेली, खाली किंचित ओलसर अशी हातभर माती मिळाली की ते काही रात्रींत खाली उतरत आणि मग आठवडेच्या आठवडे दिसत नसत. ज्या निळाईसाठी पैसे मोजले ती मालकाला मध्यरात्री, मंद उजेडात, बिळाच्या तोंडाशी दोन पायांपुरती दिसे. हौशी मंडळींनी अशा कोळ्याला ‘पाळीव बीळ’ असे नाव ठेवले, आणि त्या थट्टेत एक प्रकारची शरणागतीही होती. रुंद, उथळ मत्स्यपेटी जाऊन खोल मातीची, वर कमी जागा सोडलेली उभी पेटी रूढ झाली. काही जण काचेला लागून सुरुवातीचे भोक करून देऊ लागले, जेणेकरून कोळ्याने तेच पुढे खणावे आणि बीळ बाजूने दिसावे. फाब्रची कुंडी अशी शंभर वर्षांनी परत आली, पण आता ती निरीक्षणासाठी होती तितकीच विक्रीसाठीही. दक्षिण आफ्रिकेत तत्कालीन ट्रान्सव्हाल प्रांताने १९८७ मध्ये बबून स्पायडर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कोळ्यांचे तीन वंश संरक्षित केले. बाकी बहुतेक बिळकरी जातींना असे कवच लाभले नाही.

व्यापाराचा आवाका किती, हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासातून पुढे आले. त्यात बाराशेहून अधिक अष्टपाद जाती विक्रीला असल्याचे आणि ज्ञात टॅरंटुलांपैकी निम्म्या जाती बाजारात पोहोचल्याचे आढळले. भारत या बाजारात दोन्ही बाजूंनी ओढला गेला आहे. जुलै २०२१ मध्ये चेन्नईच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांना पोलंडहून टपालाने आलेल्या एका पार्सलात चंदेरी कागदात आणि कापसात गुंडाळलेल्या १०७ लहान प्लास्टिक कुप्या सापडल्या, प्रत्येकीत एक जिवंत कोळी होता, आणि ते सारे परत पोलंडला धाडण्यात आले. उलट दिशेचा प्रवाह अधिक जुना आहे: पश्चिम घाटातील कायलोब्रॅकिस फिंब्रिएटस आणि झाडांवर राहणारे भारतीय पेसिलोथेरिया कोळी युरोपातील हौशी लोकांकडे पिढ्यान्‌पिढ्या पैदास होऊन विकले जातात, जरी भारतातून वन्य प्राण्यांच्या व्यापारी निर्यातीला मुभा नाही. पेसिलोथेरिया वंश २०१९ मध्ये साइट्सच्या यादीत आला आणि २०२२ च्या दुरुस्तीने भारताच्या वन्यजीव संरक्षण कायद्यात साइट्समधील जीवांसाठी स्वतंत्र अनुसूची आली. बिळकरी कायलोब्रॅकिस मात्र साइट्सच्या यादीबाहेरच राहिला.

याच वंशातील, दक्षिण थायलंडच्या फांग-न्गा प्रांतातील विजेसारख्या निळ्या रंगाचा कोळी शास्त्रज्ञांनी कायलोब्रॅकिस नतनिचारम या नावाने सप्टेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा तो बाजारात ‘इलेक्ट्रिक ब्लू’ या नावाने आधीपासूनच विकला जात होता. हा कोळी सदाहरित जंगलात बीळ करतो आणि खारफुटीत झाडांच्या पोकळ्यांत राहतो. पोकॉकच्या काळी आधी संग्रहालयातील बाटली आणि मग नाव असा क्रम होता. येथे आधी दुकानातील डबी आली, मग संशोधकांनी खारफुटीच्या चिखलात उतरून त्याचे मूळ घर शोधले, आणि नाव देण्याचा हक्क लिलावात विकून आलेले पैसे लाहू जमातीच्या मुलांच्या शिक्षणासाठी आणि गरजू कर्करोगग्रस्तांसाठी देण्यात आले.